लागो माज्जोरेची एक दिवसाची टूर : पाचपैकी साडेतीन

इटलीतल्या मिलानहून लागो माज्जोरे या तलावाला नेणाऱ्या 'स्मॉल ग्रुप' टूरला मी पाचपैकी साडेतीन गुण देतोय. त्यातला पूर्ण एक गुण ड्रायव्हरचा आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख 'वातानुकूलित वाहन' एवढाच होता.

टूर मुलीने बुक केली. ती कामानिमित्त मिलानमध्ये असते आणि आम्ही दोघं मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. मला कोमो तलाव बघायचा होता, कारण नाव ऐकलेलं तेच. ती म्हणाली, "बाबा, कोमोला सगळेच जातात. बोटीच्या रांगेत उभं राहून आईचे गुडघे जातील. माज्जोरेला जा, बेटं आहेत, आणि ग्रुप आठच जणांचा आहे." माणशी एकशे पासष्ट युरो. त्यात जाण्या-येण्याची व्हॅन, गाईड, खासगी मोटारबोट आणि इझोला बेल्ला या बेटावरच्या राजवाड्याचं तिकीट. जेवण आपापलं. आकडा ऐकून मी गप्प बसलो. बक्षीस घोड्याचे दात मोजायचे नसतात हे कळतं, पण मोजायची सवय जात नाही. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत.

सकाळी आठला कादोर्ना स्टेशनच्या बाहेर बोलावलं होतं. हॉटेलवरून उचलत नाहीत, हे आधी माहीत असू द्या. व्हॅन आठ वाजून सहा मिनिटांनी आली, त्याला उशीर म्हणणार नाही. नऊ सीटची गाडी, चालक धरून. म्हणजे आठ प्रवासी बसले की गाडी भरली. मग गाईड कुठे बसणार? हा हिशेब माझ्या डोक्यात बुकिंगच्या वेळीच आला होता आणि उत्तर तिथे फुटपाथवर मिळालं : गाईड नाहीच. ती थेट तलावकाठच्या स्त्रेझा गावात भेटणार. जवळजवळ नव्वद किलोमीटरचा रस्ता, जाऊन-येऊन अडीच तास, आणि 'पूर्ण दिवस गाईडसह' असं छापलेल्या टूरमध्ये त्या अडीच तासांत बोलायला कोणी नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

ही म्हणाली, "तुम्ही बसा पुढे, मला मागे झोपायचंय." म्हणून मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो आणि दिवसाचं सोनं झालं.

माणूस पंचावन्नच्या आसपासचा. त्याचं इंग्रजी माझ्या इटालियनपेक्षा थोडंच बरं होतं, आणि माझं इटालियन म्हणजे 'ग्रात्सिए'. पहिली वीस मिनिटं कारखाने, गोदामं आणि ट्रक, बघण्यासारखं काही नाही. मग एका नदीवरून पूल लागला. पाणी हिरवट, वेगात, काठोकाठ. मी विचारलं, कुठली नदी? तिचिनो, म्हणाला, तलावातून बाहेर पडते ती. मी विचारलं, पातळी कोण राखतं? त्याने एकदा माझ्याकडे नीट वळून बघितलं. पर्यटकांनी हा प्रश्न विचारायची त्याला सवय नसावी.

तो इथलाच, सेस्तो कालेंदेचा. तिचिनो तलावातून बाहेर पडते त्या तोंडावरचं हे गाव. गावाच्या थोडं खाली मिओरिनाचा बंधारा आहे, १९४०च्या दशकापासून चालू. याच बंधाऱ्यामुळे नैसर्गिक सरोवर असूनही माज्जोरे साठवण तलावासारखं वापरता येतं : वसंतात आल्प्सचं बर्फ वितळतं ते अडवायचं आणि उन्हाळ्यात खाली कालव्यांना सोडायचं. त्या पाण्यावर नोवारा आणि लोमेल्लिना भागातली भातशेती उभी आहे. मिलानला ताटात येतो तो रिसोत्तो, म्हणजे रश्शात शिजवलेला भात, मुळात या तलावाचं पाणी आहे, असं त्याने सांगितलं. हे सांगताना त्याने स्टीअरिंगवरचा एक हात उचलून तांदळाची चिमूट दाखवली. बंधाऱ्याला उभ्या भिंतीसारखी दारं नाहीत, तर पुराच्या वेळी तळाशी आडवी होणारी लोखंडी झडपं आहेत. हे त्याने तळहात आडवा करून समजावलं आणि मला ते कुठल्याही इंग्रजीपेक्षा चांगलं कळलं.

मग मी विचारलं, पाण्यावरून भांडण आहे का. आहे, म्हणाला. काठावरच्या हॉटेलवाल्यांना पाणी खाली हवं, म्हणजे किनारा दिसतो आणि पुराची भीती राहत नाही. खालच्या शेतकऱ्यांना जूनपर्यंत तलाव भरलेला हवा. चार-दोन सेंटिमीटरवरून बैठका होतात. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तेहतीस वर्षं मी त्याच बैठकांत चहा प्यायलो आहे, फक्त खुर्च्या वेगळ्या होत्या. ऑक्टोबर २०००च्या पुरात त्याच्या भावाच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं, हेही त्याने सांगितलं. छाती म्हणजे कुठपर्यंत ते सीटबेल्टवर बोट ठेवून दाखवलं.

मागे सहा माणसं मोबाईलवर होती आणि ही झोपली होती. हे सगळं माइकवर सगळ्यांना सांग, असं मी त्याला सुचवलं. त्याने मान हलवली. इटलीत गाईडला परवाना लागतो, त्याचं काम गाडी चालवणं. बरोबर आहे. पण कंपनीला एवढं तरी सुचायला हवं की हाच माणूस दुप्पट पगारावर परवाना काढून मिळाला तर सोडू नये.

स्त्रेझाला साडेनऊच्या सुमारास पोचलो. गाईड बाई समोरच्या काठावरच्या पाल्लान्झाच्या, तिशीतल्या, हसऱ्या, आणि हातात आठ हेडसेट. आठ माणसांना हेडसेट कशाला हे मला अजून कळलेलं नाही. राजवाड्यात मोठ्याने बोलायचं नसतं, इतकंच कारण असेल तर ठीक. माझा खरखरत होता. मी काढून खिशात ठेवला आणि त्यांच्या जवळ उभा राहिलो. आठच जण असल्यामुळे ते जमलं. बाजूच्या पन्नास जणांच्या घोळक्यात शेवटचा माणूस गाईडची फक्त छत्री बघत होता.

सकाळच्या उन्हात काठावर उभं राहिलं की तलाव नुसता मोठा दिसतो. क्षेत्रफळ दोनशे बारा चौरस किलोमीटर, इटलीत गार्दानंतर दुसरा, आणि उत्तरेचं टोक स्वित्झर्लंडमध्ये. मला मात्र खोलीने चक्रावलं. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे एकशे त्र्याण्णव मीटरवर, आणि खोली तीनशे सत्तर. वजाबाकी केली तर तळ समुद्रसपाटीच्याही पावणेदोनशे मीटर खाली जातो. हिमनदीने कोरलेला खड्डा आहे. मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "बोटीत बसायच्या आधी सांगायलाच हवं होतं का?"

बोटीने पाच-सात मिनिटांत इझोला बेल्ला. हे मुळात पाण्यातून वर आलेलं ओबडधोबड खडकाचं बेट. १६३२मध्ये कार्लो तिसरा बोर्रोमेओ या उमरावाने बायको इसाबेल्ला हिच्या नावाने इथे राजवाडा बांधायला घेतला. इसाबेल्लाचं घासून घासून बेल्ला झालं, म्हणजे 'सुंदर'. माती बाहेरून आणून टाकली आणि खडकाचा जहाजासारखा आकार केला. एकेका दालनाचा खर्च डोळ्यांत भरतो. मधला मोठा दिवाणखाना तर पूर्ण व्हायला विसावं शतक उजाडलं. तीनशे वर्षांची मुदतवाढ मी नोकरीत कुठल्याच कामाला पाहिली नाही, आणि मी बऱ्याच पाहिल्या आहेत. या घराण्याचं बोधवाक्य 'हुमिलितास', म्हणजे नम्रता. ते छतावर, दारांवर, फर्निचरवर, सोन्याच्या मुलाम्यात जागोजाग कोरलं आहे. गाईड बाईंनी ते दाखवताना चेहरा अगदी सरळ ठेवला होता. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

संगीत दालनात १९३५च्या एप्रिलमध्ये इटली, फ्रान्स आणि ब्रिटन यांची परिषद झाली, हिटलरच्या जर्मनीला आवर घालण्यासाठी. मुसोलिनी यजमान होता. ती आघाडी वर्षभरही नीट टिकली नाही. नेपोलियन १७९७मध्ये इथे मुक्कामाला होता, त्याची खोली दोरीच्या अलीकडून बघता येते. पण माझा जीव रमला तो तळमजल्यावर. तिथे एकापुढे एक सहा गुहा केल्या आहेत. भिंती-छतावर तलावातले गोटे, शिंपले आणि काळा दगड बसवला आहे. बाहेर ऊन तापलं होतं आणि आत पाऊल टाकताच घाम वाळला. उन्हाळ्याच्या दुपारी घरच्या लोकांनी बसावं म्हणून केलेली सोय. पंखा नाही, वीज नाही. मला तिथे अर्धा तास हवा होता, मिळाली चार मिनिटं.

इथे टूरचं गणित चुकलं आहे. राजवाडा आणि बाग मिळून पंचावन्न मिनिटं ठेवली होती. बाग दहा टप्प्यांची आहे, पायऱ्या भरपूर, आणि पांढरे मोर वाटेत उभे राहून हलत नाहीत. हिचे गुडघे तिसऱ्या टप्प्याला थांबले. ती खाली लिंबाच्या कुंड्यांजवळ बसली. गाईड बाईंनी तिला घाई केली नाही, उलट स्वतःची पाण्याची बाटली दिली. मी वर गेलो. वरच्या टोकाला दोन बुरूज आहेत, त्यातला एक 'तोर्रे देल्ला नोरिया'. नोरिया म्हणजे रहाट. तलावातून पाणी वर ओढून या दहा टप्प्यांना फिरवायची यंत्रणा त्यात होती. सगळा डामडौल ज्याच्यावर चालायचा तो रहाट, आणि आमचा घोळका त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होता. मी दोन प्रश्न विचारले. बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, हे मला बघून सांगावं लागेल. जेवताना त्यांनी खरंच फोनवर बघून सांगितलं. म्हणून मी त्यांचे गुण कापले नाहीत.

दुपारी इझोला देइ पेस्कातोरी, कोळ्यांचं बेट. टूरमधल्या तीन बेटांत बारमाही वस्ती एवढीच, तीही मूठभर. एका गल्लीएवढं गाव, चिंचोळी घरं, मांजरं, आणि प्रत्येक दुसऱ्या दारात हॉटेल. गाईड बाई ज्या हॉटेलात घेऊन गेल्या तिथे मी लोण्यात परतलेले पर्सिको माशाचे तुकडे घेतले, चोवीस युरो. मासा गोड्या पाण्याचा, काटा नाही, वर सेजची पानं कुरकुरीत. उत्तम. हिच्या शाकाहाराची मात्र पंचाईत झाली. मुलीने बुकिंगच्या अर्जात 'शाकाहारी' स्पष्ट लिहिलं होतं, पण जेवण टूरमध्ये नसल्याने तो रकाना कोणी वाचलाच नव्हता. रिसोत्तो मागवणार तेवढ्यात गाईड बाईंनीच थांबवलं आणि आत जाऊन विचारून आल्या : रस्सा मांसाचा होता. शेवटी नोक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, लोणी आणि सेज, सोळा युरो. माणशी तीन युरो 'कोपेर्तो' बिलात वेगळे, बसण्याचे. ते सगळीकडेच असतात, वाद घालू नका.

आता टूरचा खरा प्रसंग. जेवण दोनला संपलं. कार्यक्रमाप्रमाणे यापुढे स्त्रेझात दीड तास 'मोकळा वेळ', म्हणजे दुकानं. ग्रुपमध्ये एक डच बाप-लेक होते, वडील पंच्याहत्तरीचे. त्यांनी शांतपणे विचारलं, इझोला माद्रे कधी? माहितीपत्रकात तिसऱ्या बेटापुढे बारीक अक्षरात 'वेळ असल्यास' असं होतं. मी ते वाचलं होतं आणि त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा लावला होता. सरकारी कागद वाचायची सवय. पण बाईंनी उलट आम्हालाच विचारलं : दीड तासातले वीस मिनिटं स्त्रेझाला ठेवून बाकीचे तिकडे द्यायचे का? अमेरिकन जोडपं लगेच हो म्हणालं. ब्राझीलच्या दोन बहिणींना 'मार्गेरितीने' नावाची बिस्किटं घ्यायची होती. ही स्त्रेझाची खासियत, उकडलेल्या अंड्याचा बलक चाळून पिठात घालतात, तोंडात घालताच भुगा होतो. बिस्किटांना वीस मिनिटं पुरतात, असं हिने त्यांना हाताने खुणा करून पटवलं. बाईंनी नाविकाला फोन लावला, कचेरीला लावला, ड्रायव्हरला लावला. बोटीचे माणशी पाच युरो जादा, बेटाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. सहा मिनिटांत सगळं ठरलं. आठच जणांच्या ग्रुपचे जास्त पैसे मोजतो ते या सहा मिनिटांसाठी. पन्नास जणांच्या बसमध्ये हा प्रश्न कोणी विचारलाही नसता.

इझोला माद्रे तिन्हींत मोठं आणि शांत. डौल कमी, झाडी जास्त. अझेलिया आणि रोडोडेंड्रॉन फुलले होते. वाड्याच्या पुढच्या अंगणात एक काश्मीर सायप्रस उभा आहे. निळसर राखाडी, फांद्या खाली झुकलेल्या, लांबून धबधबा थिजल्यासारखा. १८६२मध्ये हिमालयातून आणलेल्या बियांपासूनचं हे झाड. २००६च्या जूनमध्ये वादळाने ते मुळासकट आडवं केलं. तोडून टाकायच्या ऐवजी त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि पोलादी तारांनी चारही बाजूंनी बांधून ठेवलं. तारा अजून आहेत. मी प्रत्येक तार जमिनीत कुठे गेली आहे ते चालत जाऊन बघितलं. टेकू देऊन जगवलेलं झाड मी पूर्वी पाहिलं होतं, पण एवढ्या वयाचं, एवढ्या उंचीचं, आणि पुन्हा हिरवंगार झालेलं पाहिलं नव्हतं. डच आजोबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी तारेला बोट लावलं, मग माझ्याकडे बघून मान डोलावली. ते पुलांवर काम करायचे, हे नंतर कळलं.

नावात काश्मीर असलं तरी या झाडाचं मूळ घर भूतान आणि अरुणाचल. हे मला रात्री मुलीकडे परतल्यावर वाचून कळलं. गाईड बाईंनी काश्मीरच सांगितलं होतं, पण शास्त्रीय नावातच काश्मीर आहे, तर त्यांचा काय दोष. हिला मात्र ते झाड काश्मीरचंच असावं असं वाटतं, आणि या वादात मी पडत नाही.

परतताना बोटीतून बाईंनी बावेनोच्या डोंगरावरच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणी दाखवल्या. त्यामागच्या खोऱ्यात कान्दोल्याची खाण, जिथून मिलानच्या कॅथेड्रलचा संगमरवर गेला. तोचे नदीतून तलावात, तलावातून तिचिनोत, आणि तिथून कालव्याने थेट मिलान शहरात. दगडांवर 'ए यू एफ' अशी खूण असायची, म्हणजे कॅथेड्रलच्या कामासाठी, जकात माफ. इटालियनमध्ये फुकट खाणाऱ्याला 'आ उफो' म्हणतात ते त्यावरूनच, असं लोक सांगतात. दिवसभरातली ही त्यांची सगळ्यात छान गोष्ट, आणि ती त्यांनी शेवटच्या आठ मिनिटांत, इंजिनाच्या आवाजात सांगितली. हीच गोष्ट सकाळी मिलानहून निघताना व्हॅनमध्ये सांगितली असती तर तो रस्ता, ती नदी, सगळं वेगळं दिसलं असतं.

पैशाचं सांगतो. ट्रेनने स्त्रेझा साधारण तासाभराचं, तिकीट दहा युरोच्या आसपास. सार्वजनिक बोटी आहेत, बेटांची तिकिटं खिडकीवर मिळतात. स्वतः गेलात तर माणशी सत्तर-पंच्याहत्तर युरोत तिन्ही बेटं होतील आणि गुहेत अर्धा तास बसता येईल. पाय धड असतील आणि ट्रेनच्या वेळा बघायचा कंटाळा नसेल तर तसंच जा. आमच्या बाबतीत मधले नव्वद युरो गेले ते कादोर्नाहून थेट नेणाऱ्या-आणणाऱ्या गाडीला, बाईंच्या पाण्याच्या बाटलीला, रश्शाच्या चौकशीला आणि त्या सहा मिनिटांना. ही म्हणते वसूल झाले. मी म्हणतो ऐंशी तरी झाले. कंपनीने गाईडला मिलानहूनच सोबत द्यावं आणि त्यासाठी ग्रुप सातचा करावा, मी दहा युरो जास्त देईन. चपला सपाट तळाच्या घाला, बोटीच्या फळीवर पाय घसरतो. जायचंच तर एप्रिल-मे गाठा. हिवाळ्यात राजवाडे बंद असतात.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा पुढे बसलो. कादोर्नाला उतरताना ड्रायव्हरने पार्किंगच्या पावतीच्या पाठीवर पेनाने एक आकृती काढून दिली : सेस्तो कालेंदेचं स्टेशन, नदी, काठाने जाणारी पायवाट आणि शेवटी आडव्या रेघांची रांग. दोन दिवसांनी मी सकाळची ट्रेन धरली. हिला विचारलं होतं. "अहो, आपण सुट्टीवर आलोय ना?" म्हणाली, आणि मुलीबरोबर बाजारात गेली. ती फेरी या टूरचा भाग नाही, तेव्हा तिचे गुण इथे धरलेले नाहीत.